दहावी डहाळी

एकदा एका नदीकाठच्या गावात तापाची साथ शिरली. गावाची जुनी रीत अशी, की ज्या घरी रोगी, त्या घराच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायची. येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबावे, एवढाच तिचा अर्थ. पण माणूस भ्यायला की चांगल्या रीतीचेही शस्त्र करतो. डहाळी दिसली की त्या घराचे पाणी बंद, विस्तव बंद, बोलणेही बंद.

डहाळ्या बांधण्याचे काम वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याकडे दिले होते. शिष्य मोठा कडक. भिवरा कासारीण हात जोडून रडली, तरी तिच्या दाराला त्याने डहाळी बांधलीच. त्याच संध्याकाळी घरी जातो, तर त्याची आई तापाने फणफणलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्याने दार लोटून घेतले आणि कोणापाशी ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, गावात अवघ्या दोन डहाळ्या. साथ ओसरली." नजर मात्र जमिनीवर होती.

वैद्य उठले आणि एक डहाळी त्यांनी आपल्याच दाराला बांधली.

"तुम्हाला ताप आहे?" शिष्याचे धाबे दणाणले.

"अजून नाही. पण रोज रोग्यांची नाडी धरतो. उद्याचं कोणी सांगावं?"

गावभर बोभाटा झाला. आता वैद्यबुवांना वाळीत कोण टाकणार? कोणी पेज आणली, कोणी पाण्याची घागर. उंबऱ्याबाहेर ठेवून चार हात लांब उभे राहिले. वैद्य आतूनच म्हणाले, "बाबांनो, यातलं अर्धं भिवराच्या दाराशी ठेवा. असंच, लांबून." लोक खजील झाले, पण गेले.

तिसऱ्या दिवशी नऊ घरांनी आपण होऊन डहाळी मागून नेली. शिष्य धावत आला. "गुरुजी, साथ वाढली."

"साथ तेवढीच आहे रे. काल ती दाराआड होती. जिथे डहाळीपाठोपाठ हेटाळणी येते, तिथे माणूस रोग लपवतो. आणि लपवलेल्या रोगापर्यंत माझा काढा पोचत नाही. डहाळीपाठोपाठ पेज आली, की माणूस स्वतःच दार उघडतो." वैद्यांनी त्या दिवसाची दहावी डहाळी पुढे केली. "ही तुझ्या घराला. काढा उकळून ठेवलाय. रागवायचं ते आई बरी झाल्यावर रागवेन."

शिष्याला रडू कोसळले. दुसऱ्यांच्या दारांवर सराईतपणे बसणारी गाठ त्या दिवशी स्वतःच्या दारावर काही केल्या बसेना.

थोड्या वेळाने उंबऱ्याबाहेर भांडे वाजले. आईने क्षीण आवाजात विचारले, "कोण आलंय रे?"

"शेजारचे आहेत, आई. पेज ठेवून लांब उभे आहेत."