कडुनिंबावरचा आळ

झाडं माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट आहे. सगुणाक्काच्या मळ्यात भेंडी होती आणि बांधावर कडुनिंब. त्याचा पाला अंगावर पडला की भेंडी वैतागायची.

एकदा भेंडी पिवळी पडू लागली. "काय होतंय गं तुला?" सगुणाक्काने विचारलं. मातीतल्या अळ्या आपली मुळं कुरतडताहेत, हे भेंडीला कळत होतं. तरी ती म्हणाली, "अक्का, हा कडुनिंब माझं ऊन अडवतो. त्याच्या कडू पाल्यानं मी वाळत चाललेय."

सगुणाक्काने कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. छाटलेला पाला तिने खड्ड्यात कुजत घातला.

भेंडी मात्र खंगतच गेली. शेवटी अक्काने बुंध्याजवळ उकरून पाहिलं, तर मुळांशी अळ्या वळवळत होत्या. तिने खड्ड्यातलं खत आणून तिथं घातलं. हळूहळू अळ्या नाहीशा झाल्या आणि भेंडीला फुलं आली.

"अक्का, कसलं गं हे औषध?"

"तू तोडायला लावलेल्या फांद्यांचा पाला आहे तो."

भेंडीने वर पाहिलं. बोडका कडुनिंब उन्हात उभा होता. "बरं वाटतंय ना आता?" त्याने विचारलं.

तिने मान खाली घातली. ती अक्काला म्हणाली, "मी खोटं बोलले. अळ्यांचं मला ठाऊक होतं."

अक्काचीही मान खाली गेली. "मी तरी कुठं त्याला एका शब्दानं विचारलं गं?"