शेपू आणि हलकी राजकन्या

एका राज्यात राजापेक्षा राजाच्या नाकाची सत्ता मोठी होती. राजाचं नाव सिंहकेतू. एके दिवशी त्याच्या सोन्याच्या ताटात शेपूची भाजी आली. राजाने ताट भिरकावलं आणि हुकूम सोडला, "राज्यातला शेपू मुळासकट उपटा. बीसुद्धा जाळा."

हुकमाची तामिली झाली. राजवाड्यामागच्या पडक्या विहिरीत एक जखीण सोन्याचे हंडे राखत असे. विहिरीच्या काठावर तिने चार वाफे शेपू लावला होता, तोही शिपायांनी उपटला. जखीण वर आली आणि म्हणाली, "राजा, जे तुझ्या नाकाला नकोसं झालं, त्यासाठीच तुझं घर रडेल." एवढं बोलून ती परत पाण्यात गेली.

फाल्गुनात राणी केतकावती प्रसूत झाली. मुलगी झाली, पण राणीला दूध उतरेना. गिरजा सुईण म्हणाली, "महाराज, बाळंतशोपा हवा."

"पोतं भरून आणा!" राजा गरजला.

"कुठून आणू? शेपू फुलावर येतो, त्याचं बी धरतं, त्यालाच बाळंतशोपा म्हणतात."

एकाच झाडाची ही दोन नावं आहेत, हे राजाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? त्याच्यापुढे शेपूचं नाव काढायची कुणाची छाती होती?

इकडे मुलगी हलकी होऊ लागली. शेळीचं दूध तिच्या ओठांवरून ओघळून जाई. शापच असा होता की जीव जात नव्हता, वजन जात होतं. एका सकाळी ती पाळण्यातून वर तरंगली. मग तिच्या करगोट्याला रेशमी दोर बांधला आणि दुसरं टोक राजाने आपल्या बोटाला गुंडाळलं.

राजा विहिरीपाशी गेला. जखिणीने हंडे पुढे केले. "सोनं ने हवं तेवढं."

"मला बी हवं आहे."

जखिणीने पदराची गाठ सोडली. "तीन चिमटी आहेत. पीक आलं तर शाप सुटेल. नाही आलं, तर दोर तुटेल."

चैत्राचं ऊन तापलं होतं. राजाने तेव्हाच पहिली चिमूट पेरली. कुंपणावर लाल डोळ्यांचा भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "राजा, गवतावर दव नाही." पाखराचं ऐकेल तो राजा कसला! रोपं वीतभर झाली नाहीत तोच फुलावर आली, फुलं करपली, एक दाणा भरला नाही.

श्रावणात राजाने दुसरी चिमूट काढली. वाफ्यात पाणी साचलेलं, म्हणून त्याने महालात चांदीच्या परातीत बी रुजवलं. रोपं हिरवीगार झाली, तशी ती उचलून बागेत लावायला निघाला. भारद्वाज म्हणाला, "याचं मूळ सरळ खाली जातं. ते हलवू नकोस."

"मी थांबू शकत नाही," राजा म्हणाला आणि त्याने रोपं बागेत लावली. संध्याकाळपर्यंत सगळी रोपं माना टाकून पडली. राणीने ती पाहिली, आणि त्या दिवसापासून ती राजाशी बोलेनाशी झाली.

उरली एक चिमूट. मुलगी आता छताला टेकली होती. राजा दोर धरून बसे आणि काहीच करत नसे. हातात बी असून पेरायचं नाही, याहून मोठी शिक्षा त्याला कुणी दिली नसती. "दव पडेपर्यंत ती राहील का?" त्याने पाखराला विचारलं.

पाऊस सरला, दसरा गेला. एका पहाटे राजाचे अनवाणी पाय गवतात भिजले. भारद्वाज म्हणाला, "आता." राजाने जिथे वाढायचं तिथेच बी हाताने विखरून फोकलं, वर बोटाच्या पेराएवढीसुद्धा माती घातली नाही. शेपू उगवला, दाट झाला. त्या वासात राजा रोज बसून राहिला. राणीला तो कोवळा पाला खुडावासा वाटे, पण बी धरायचं म्हणून तीही हात आवरी. दोर मात्र झिजत चालला होता.

माघात शेपूच्या फुलांच्या पिवळ्या छत्र्या वाळल्या. गिरजाने दाणे भाजले, राणीने चावले. तिसऱ्या प्रहरी पान्हा फुटला. राजाने दोर हळूहळू ओढून मुलीला खाली घेतलं. ती प्याली, आणि राणीच्या मांडीला तिचा भार जाणवला.

राणी किती तरी महिन्यांनी राजाशी बोलली. "आता सोडा तो दोर."

राजाला तो सोडता येईना. दोर बोटाच्या मांसात रुतला होता. गिरजाने तो कापून काढला. विहिरीतले हंडे त्या दिवशी आपोआप वर आले आणि जखीण कुणाला परत दिसली नाही. बी राज्यातल्या घराघरांत वाटलं गेलं, आणि गवतावर दव पडलं की परसात शेपू पेरायचा, अशी रीत पडली.

पुढच्या दवात पेरलेला शेपू कोवळा झाला, त्या रात्री राजाने स्वतःच्या ताटात शेपूची भाजी वाढून घेतली. वास तसाच होता. राजाने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.