चांदीच्या पोटातली पानं

डोंगराच्या कुशीत एक इवलीशी वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाच्या झोपडीत हौसा राहायची. तिच्या फ्रॉकला लाल, निळी, पिवळी अशी ठिगळं होती, आणि ती म्हणायची, हे माझं फुलपाखराचं झंपर! पण हल्ली तिला हसू येत नव्हतं. बाबा दूर मुलखात कामाला गेले होते. आई तापानं फणफणली होती. झोळीत तान्हा भाऊ होता आणि आईचं दूध आटलं होतं. बाळ जगत होतं ते चांदी शेळीच्या दुधावर. चांदी पांढरीशुभ्र होती, गुलाबी कानांची होती आणि खरं सांगायचं तर महाद्वाड होती.

"हौसे, चांदीला चारून आण गं," आई क्षीण आवाजात म्हणाली. "पर राईकडं जाऊ दिऊ नगंस तिला. आन् बिगीनं ये, बाळ भुकेलंय."

राई म्हणजे देवीचं रान. तिथलं काही म्हणजे काहीच बाहेर न्यायचं नाही, अशी वाडीची रीत होती. वाळकी काटकी नाही, की गळलेलं फूल नाही. बाहेर येताना बायका पदर झटकायच्या, केसांत अडकलेलं पानसुद्धा काढून आत ठेवायच्या. तिथल्या झऱ्यावर आसरा राहतात, पाण्याच्या पऱ्या. दिसत मात्र कुणालाच नाहीत. त्यांचं काही नेलं, की माणसाला चकवा लागतो. मग कितीही चाला, वाट सापडत नाही.

हौसानं दोर घट्ट धरला होता. पण वाटेत करवंदांची जाळी लागली. काळीभोर, टपोरी करवंदं! आईला थोडी न्यावीत म्हणून तिनं क्षणभर दोर सोडला. चांदीला तेवढंच हवं होतं.

तिच्या गळ्यातली घंटा वाजली ती थेट राईतून.

आत जावं तर आसरांची भीती, परत जावं तर बाळ उपाशी. तिनं बाहेरूनच हात जोडले आणि ती आत शिरली.

आत सगळा हिरवा हिरवा उजेड होता. झऱ्यावर सोन्याचे इटुकले ठिपके नाचत होते. निळ्या पंखांचा एक चतुर पाण्याला टेकून उडत होता. आणि चांदीबाई एका वेलीची पानं मिटक्या मारत खात होत्या! हौसानं दोर धरला आणि तिला ओढत निघाली. चालली, चालली, आणि समोर तोच झरा. दुसऱ्या वाटेनं गेली, तरी तोच झरा.

आता तिला रडूच फुटलं. बाळ किती रडत असेल! तिनं फ्रॉक झटकला, केस झटकले, पायाचे तळवे पुसले. काहीच चिकटलेलं नव्हतं. तेवढ्यात चांदीनं निवांत रवंथ सुरू केलं, आणि हौसाच्या ध्यानात आलं. राईची पानं चांदीच्या पोटात होती!

"चूक माजी हाय," ती पाण्याकडं पाठ करून, रडत रडत म्हणाली. "दोर मी सोडला. चांदीला मारू नगा."

किणकिण! मागे बांगड्या वाजल्या.

"वळून बघू नकोस हं," एक गोड आवाज म्हणाला. "बघितलंस, तर आम्ही जाऊ. आमची पानं कधी देशील, बाळे?"

हौसानं खूप विचार केला. "चांदीनं लेंड्या टाकल्या की लगीच! तवर मी हितंच बसते."

मागे इतकं हसू उसळलं, की पाणीही खळखळलं. मग दुसरा आवाज म्हणाला, "आणि तिच्या कासेत दूध भरलंय, ते कशाचं?"

"पाल्याचं."

"पाला कुणाचा?"

चांदी सकाळी ओढ्याकाठी चरली, असं सांगता आलं असतं. पण हौसाच्या जिभेवर खोटं येईना. "तुमचा," ती म्हणाली.

"मग दूध?"

"तुमचंच," हौसा कशीबशी म्हणाली. चांदीला झऱ्याच्या काठी उभं करून ती खाली मान घालून दूध काढू लागली. पहिली धार पाण्यात पडली.

"थांब!" पहिला आवाज म्हणाला. "खरं बोललीस. एक मागणं माग. पण एकदाच, आणि स्वतःसाठी नाही."

"माज्या बाळाला दूध द्या," हौसा घाईघाईनं म्हणाली. "त्यानं पानं न्हाई खाल्ली. त्याला कायबी ठावं न्हाई."

पाण्यावरचा चतुर जागीच थांबला.

"बाळ पोटात होतं, तेव्हा तुझी आई पाणी कुठलं प्यायची?"

"ह्याच झऱ्याचं. खाली वाडीत येतं त्ये."

"मग वेडे, बाळ आमचंही झालंच की! आमचं दूध आमच्या बाळाला पाजायला आडकाठी कुणाची? ने, पळ!"

झऱ्यावर लखकन उजेड उसळला. केशरी, जांभळा, मोरपिशी! हौसानं मान वर करून पाहिलं, तर पाण्यावर नुसती वलयं उरली होती. आणि समोर वाट होती, लख्ख.

हौसा धावत सुटली, चांदी तिच्याही पुढे. घरी बाळ रडून रडून लाल झालं होतं. आई भिंतीला धरून उठली आणि धार काढायला बसली. चरवी भरली, फेसानं काठोकाठ भरली, तरी दूध येतच राहिलं. बाळ घटाघटा प्यायलं आणि आईच्या मांडीवर झोपून गेलं.

"इतका वखत कुठं हुतीस गं?" आईनं विचारलं.

"बाळाच्या मावश्यांकडं," हौसा म्हणाली.

आईनं तिच्याकडं पाहिलं, काठोकाठ भरलेल्या चरवीकडं पाहिलं, आणि राईच्या दिशेनं हात जोडले.