मुंडाशाची गाठ

फार फार पूर्वी शाल्मली नगरीत सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या न्यायसभेच्या द्वारपालाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. बापामागे दारावरची काठी त्याच्या हाती आली आणि तीस वर्षे तो त्या दारात उभा राहिला. राजा म्हातारा होता, भला होता, पण त्याचे सगळे लक्ष तळ्यातल्या हंसांत. नगरीचा कारभार पाही नगरश्रेष्ठी. हा श्रेष्ठी दर पाच वर्षांनी नगरवासी शलाका, म्हणजे मताच्या काड्या, टाकून निवडत. ज्याच्या रांजणात शलाका जास्त, तो श्रेष्ठी.

नगरी शहाण्यांची म्हणवत होती, पण तिला एक खूळ होते. अर्धे लोक मुंडाशाची गाठ पुढे कपाळावर बांधत आणि अर्धे मागे मानेवर. पहिल्यांना म्हणत पुढगाठे, दुसऱ्यांना मागगाठे. हे कधी सुरू झाले आणि का, ते कोणालाच सांगता येत नसे. पण पुढगाठ्याच्या विहिरीवर मागगाठ्याचा दोर चालत नसे. न्यायसभेतही आधी गाठ पाहिली जाई आणि मग गुन्हा. पुढगाठे सत्तेवर असले की त्यांच्या माणसाची चोरी ही चूक ठरे आणि मागगाठ्याची चूक ही चोरी. पुढच्या खेपेला मागगाठे निवडून आले की तेही नेमके हेच करत आणि वर 'आता न्याय आला हो' म्हणून गूळ वाटत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, अशी म्हण इतर गावांत असते. शाल्मलीत तो कायदा होता.

सोमिलाने दोन्हींचे राज्य तीन तीन वेळा पाहिले होते. त्याला सारे दिसत होते, आणि तीस वर्षे तो मूग गिळून काठी धरून उभा होता. मी फक्त दार सांभाळतो, आतले आत, असे तो मनाची समजूत घालायला म्हणे. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, एवढी लबाडी त्यालाही जमत होती.

त्या काळी नदीपलीकडचा मुलूख पुरात बुडाला होता. तिकडचे लोक नावेने शाल्मलीत येत. कायदा असा होता की बाहेरून आलेल्या माणसाने सात वर्षे नगरीत कष्ट करून राहावे, मग त्याला भाजक्या मातीची निवासमुद्रा मिळे. मुद्रा असेल तर घर आपले आणि शलाका टाकण्याचा हक्कही आपला. मुद्रा मातीची, म्हणून फुटायची. फुटली तर तुकडे न्यायसभेत आणावेत, तिथल्या ठशाशी जुळवावेत आणि नवी मुद्रा घ्यावी. पुढगाठ्यांच्या राज्यात पुढगाठ्याला तुकडे कोणी मागतही नसे. मागगाठ्याने आणले तर 'टवका कमी आहे' म्हणून परत पाठवत. मागगाठ्यांच्या राज्यात उलटे.

शलाका टाकायला एक दिवस उरला होता तेव्हाची गोष्ट. श्रेष्ठी होता बलभद्र, पुढगाठ्यांचा पुढारी. त्या सकाळी सामा नावाची एक बाई न्यायसभेच्या पायरीवर येऊन बसली. ती नदीपलीकडची, लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरणारी. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर आली. नवरा इथेच तापाने गेला, त्याची राख याच नदीत पडली. ती राहायची मागगाठ्यांच्या आळीत, म्हणून आळीच्या रीतीने डोक्यावरच्या फडक्याची गाठ मागे बांधायची. तिच्या पदरात फुटक्या मुद्रेचे चार तुकडे होते.

"दादा, आज मला नावंत घालणार म्हणं," ती सोमिलाला म्हणाली. "रक्षक येऊन सांगून ग्येला. दिस बुडायच्या आत घाटावर ये. एक टवका हरवलाय येवढाच माझा गुन्हा. पल्याड कुठं जाऊ वो म्या? माझं गाव पान्याखाली हाय."

"टवका किती मोठा?"

"नखायेवढा."

सोमिल तुकडे निरखून पाहत होता, इतक्यात समोरच्या परटांच्या वेशीतून गलका आला. मल्लक नावाचा मुकादम चाळीस माणसांना आत आणत होता. तीही नदीपलीकडची, अजून अंगावरचा चिखल न वाळलेली. नगररक्षक त्यांना गुळपाणी पाजत होता, आणि मल्लक एकेकाच्या डोक्याला नवे कोरे मुंडासे गुंडाळून गाठ पुढे ओढत होता. त्यांच्याजवळ मुद्रा नव्हती, फुटकीसुद्धा. उद्या ही चाळीस माणसे बलभद्राच्या रांजणात शलाका टाकणार होती. वेशीवरच्या परटिणींनी रक्षकाला हटकले, तेव्हा तो म्हणाला, "पाहुणे आहेत. पाहुण्याला कोणी मुद्रा मागतं का?"

सोमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाईला नखाएवढ्या टवक्यासाठी बुडालेल्या गावी धाडायचे आणि चाळिसांना गुळपाणी! आणि हा राग नुसता बलभद्रावर नव्हता. पाच वर्षांपूर्वी याच वेशीतून मागगाठ्यांचा पुढारी सुदंत याने साठ माणसे आणली होती, तेव्हाही हाच द्वारपाल इथे काठी टेकून उभा होता. सगळ्यात जास्त चीड त्याला स्वतःची आली.

न्यायसभेच्या दाराशी एक घंटा होती. जो ती वाजवील त्याचा खटला द्वारपालाने आत न्यावा, असा नेम होता. परटिणी रागात होत्याच. सोमिलाने त्यांना घंटा दाखवली, आणि त्यांनी ती मल्लकावर वाजवली, सामाने आपल्या टवक्यासाठी. मग आत जाऊन त्याने दाराजवळची मुंडाशांची जुनी खुंटाळी उपटून काढली. तिच्यामागे एक शिळा होती, बापाने त्याला एकदा दाखवलेली. पूर्वजांनी तिच्यावर कोरले होते: 'या सभेत न्यायाधीश, वादी, प्रतिवादी आणि बघे, सर्वांनी उघड्या डोक्याने यावे. आधी कृत्य सांगावे, निवाडा व्हावा, मग नाव. निवाड्याआधी जो आपली ओळख देईल त्याने कोठडीत जावे.' आधी खुंटाळीवर मुंडाशी टांगत असत. पुढे लोकांना डोके उघडे करण्याची लाज वाटू लागली, मुंडाशी डोक्यावरच राहिली आणि रिकामी खुंटाळी कोणीतरी शिळेवरच ठोकून टाकली.

दुपारी न्यायसभा भरली. निवाडा श्रेष्ठीने द्यायचा आणि विरोधी पुढाऱ्याने शेजारी बसून आपले मत सांगायचे, अशी पद्धत. उद्या शलाका, म्हणून गर्दी उसळलेली. सोमिल दारात काठी आडवी धरून उभा राहिला.

"मुंडासे उतरवा, श्रेष्ठी."

"अरे सोमिला, डोके फिरले का तुझे?"

"माझे ठिकाणावर आहे. मुंडासे तेवढे उतरवा. शिळेवर लिहिले आहे, वाचून दाखवू?"

आणि त्याने चारचौघांत खणखणीत आवाजात वाचून दाखवले. बलभद्र कात्रीत सापडला. गाठ पाहिल्याशिवाय मला न्याय करता येत नाही, असे उद्याच्या निवडीच्या तोंडावर कोण म्हणणार? त्याने मुंडासे उतरवले. सुदंत हसला, तर काठी त्याच्यासमोर आली. मग त्यानेही उतरवले. बघ्यांनीही उतरवली. सभेत नुसती डोकी दिसू लागली, टकली, पिकलेली, चपटी, आणि एकाही डोक्यावर लिहिलेले नव्हते की हे कोणाचे. त्या दिवशी प्रथमच सभेत आरडाओरडा झाला नाही, कारण कोणासाठी ओरडायचे तेच कोणाला कळेना.

पहिल्यांदा मल्लक आला. सोमिलाने कृत्य सांगितले: "याने मुद्रा नसलेली चाळीस माणसे शलाका टाकण्यासाठी परटांच्या वेशीतून आत आणली."

मल्लक मुळीच घाबरला नव्हता. ज्याच्यासाठी आपण हे केले तो श्रेष्ठी आपल्याला ओळखणारच, असे त्याला वाटले, आणि त्याने बलभद्राकडे पाहून हळूच डोळा मारला. पण बलभद्राने हुकूम दिला होता मेहुण्याला, मेहुण्याने रक्षकाला, रक्षकाने मुकादमाला. माणसे किती आणि कोणत्या वेशीतून, ते त्याने विचारलेच नव्हते, आणि मल्लकाचे तोंड तर आयुष्यात पाहिले नव्हते. आपल्या माणसांच्या गाठीखाली तोंडे असतात, हेच तो विसरला होता. धुळीने माखलेला हा उद्धट माणूस सुदंताचाच असणार, असे त्याने ठरवले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

"हा शलाकेचा खून आहे!" तो गरजला. "असली माणसे नगरीला वाळवीसारखी पोखरतात. घर जप्त करा आणि आज सूर्यास्ताच्या नावेने याला पलीकडे सोडा."

मल्लकाचा डोळा मारलेला तसाच राहिला. ओरडावे तर कोठडी, गप्प बसावे तर नावेत रवानगी.

आता सुदंताचे मत. बलभद्र एवढा तापला म्हणजे हा आपलाच, असा त्याने हिशेब केला आणि डोळ्यांत पाणी आणले. "बिचारा! भुकेल्या माणसांना हात देणे हा गुन्हा? शलाका काय, कागाळ्या काय, माणुसकी आधी." चारच दिवसांपूर्वी हाच सुदंत चौकात छाती पिटून सांगत होता की बलभद्र परकी माणसे आणून नगरी विकतो आहे.

मग सामा उघड्या डोक्याने आली. तिने चार तुकडे पुढे ठेवले. सोमिल म्हणाला, "हिची मुद्रा फुटली आहे. एक टवका नाही. ही म्हणते, अकरा वर्षे इथे राहते."

"व्हय जी," सामा म्हणाली. "अकरा वर्सं. हितंच इनते, हितंच खाते."

तिची पलीकडची बोली ऐकताच बलभद्राने कान टवकारले. पलीकडची म्हणजे आपल्या मेहुण्याने आणलेल्यांतलीच! कोणीतरी घाईत फुटके तुकडे हाती दिले असतील. त्याचा आवाज लोण्याहून मऊ झाला. "अहो, नखाएवढ्या टवक्याने काय होते? माणूस अकरा वर्षे मातीत घाम गाळतो, तीच त्याची मुद्रा. बाईला आत्ताच्या आत्ता नवी मुद्रा द्या."

बलभद्र एवढा मऊ झाला म्हणजे ही त्याचीच, असा सुदंताने तर्क केला आणि मुठी आवळल्या. "कायदा म्हणजे कायदा! आज एक टवका सोडाल, उद्या वेस सोडाल. हिला नावेत घाला!" सामा त्याच्याच आळीतली होती. मागल्या पंचमीला त्याने तिच्या चटईवर बसून गरिबांच्या कळवळ्यावर भाषण केले होते. ती त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

सोमिलाने ठसा काढला, ओल्या मातीवर दाबला आणि मुद्रा सामाच्या हातात ठेवली. मग मुंडाशी परत दिली आणि मल्लक व सामा या दोघांची नावे गाठींसह मोठ्याने पुकारली.

काय सांगावे, सभेचे पोळे उठले. "निवाडा फिरवतो!" बलभद्र ओरडला. "मत फिरवतो!" सुदंत ओरडला. दोघेही एकाच वेळी घाईघाईने गाठी बांधत होते.

"फिरवा की," सोमिल म्हणाला. त्याने काठी जमिनीवर आपटली. "पण आधी एवढे सांगा, गुन्ह्यात काय बदलले? चाळीसच माणसे होती, अजून चाळीसच आहेत. टवका नखाएवढाच होता, अजून तेवढाच आहे. तुमच्या डोक्यावर फडके चढले, एवढेच घडले. तीस वर्षे मी तुमच्यासाठी दार उघडले, त्याची मला शरम वाटते. ती चाळीस माणसे काही चोर नाहीत. उद्या शलाका टाकणार नाहीत, सामा राहिली तशी सात वर्षे कष्ट करून राहतील. चोर तुम्ही आहात. दोघेही."

उघड्या डोक्याने दिलेला निवाडा सगळ्या नगरीने ऐकला होता, तो गिळता येईना. सामा राहिली आणि मल्लक गेला. पण त्याच बैठकीत शाल्मलीच्या इतिहासात पहिल्यांदा पुढगाठे आणि मागगाठे एका गोष्टीवर एक झाले. सभेत फूट पाडणाऱ्या या द्वारपालाला हद्दपार करावे, असे ठरले. बलभद्राने मांडले आणि सुदंताने उचलून धरले. बघे, ज्यांना दिवसभर कोणासाठी ओरडावे ते कळत नव्हते, ते आता मनसोक्त ओरडले.

सूर्य टेकला तेव्हा नावेत दोघे होते, मल्लक आणि सोमिल. काठावर सामा एकटी उभी होती. तिने डोक्यावरचे फडके सोडून हातात घेतले होते. शिळेवर पुन्हा खुंटाळी ठोकल्याचे आवाज पाण्यावरून ऐकू येत होते.

वारा सुटला. मल्लक कुडकुडू लागला, तेव्हा सोमिलाने आपले मुंडासे सोडले, अर्धे फाडून त्याच्या अंगावर घातले. मल्लकाने ते ओढून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले, "एक विचारू? तू नक्की कोणत्या गाठीचा?"

सोमिलाने उरलेले अर्धे मुंडासेही त्याच्या अंगावर टाकले. मग तोंड फिरवून तो पाण्याकडे पाहत बसला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा तिथे एक तंटा चालू होता. नियम मोडून दुपार टळल्यावर जेवल्याबद्दल पूर्वेच्या ओसरीवरच्या भिक्षूंनी एका आगंतुक भिक्षूला हाकलून दिले होते. त्यांचा स्वतःचा एक भिक्षू त्याच वेळी, त्याच पंगतीत जेवला होता. पश्चिमेच्या ओसरीने यावर आकाशपाताळ एक केले होते, पण मागल्या पावसाळ्यातल्या वर्षावासात तेही असेच वागले होते.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा बलभद्र आज पूर्वेच्या ओसरीचा ज्येष्ठ स्थविर आहे, आणि सुदंत पश्चिमेच्या. मल्लक म्हणजे तो त्यांच्यातलाच जेवलेला भिक्षू. सामा म्हणजे हाकलून दिलेला आगंतुक, त्याला परत बोलवा. आणि तो द्वारपाल मीच होतो."

"भन्ते," एका भिक्षूने विचारले, "आणि ते ओरडणारे बघे?"

शास्त्यांनी सभेवरून नजर फिरवली. पूर्वेकडे बसलेले पश्चिमेकडे बोट दाखवत होते आणि पश्चिमेकडचे पूर्वेकडे.

"तेही सगळे आलेले आहेत," शास्ते म्हणाले.

या जन्मात बोधिसत्त्वाने समचित्ततेची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, साधली. ज्याला दोन्हीकडच्या अन्यायाचा राग सारखाच येतो आणि आपल्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त, त्यालाच ती साधते.