ओल्या पाटीचा कारभार

एका नदीच्या पोटात एक बेट होतं. बेटाला स्वतःचा कारभार होता आणि तो कसा करायचा, हे पलीकडच्या जंगलातले सिंहमहाराज ठरवत. करारात तसं स्वच्छ लिहिलं होतं : 'बेटाचं बेटाने पाहावं, उरलेलं महाराजांनी.' उरलेलं म्हणजे काय, हेही महाराजांनीच पाहायचं होतं.

यंदा बेटाने भिवराबाई सायाळीला मुखिया निवडलं. झाडून सगळी मतं तिला पडली. विरोधात उभ्या राहिलेल्या बेडकानेही, स्वतःचा भरवसा न वाटल्यामुळे, तिलाच मत दिलं. भिवराबाई कामसू, पण जरा तापट. निवडून आल्याचा आनंद तिला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी ठकू सशीण धापा टाकत आली.

"बाई, घुशींनी बांधाला भगदाड पाडलंय. नदी चढतेय. माझी पाच पिल्लं खालच्या बिळात आहेत."

"चल, आत्ता बुजवू," म्हणत भिवराबाई उठली.

"जरा दमानं," मागून आवाज आला. हे बहिरोपंत कोल्हे, महाराजांनी बेटाच्या देखरेखीला नेमलेले. "बांध नदीला लागून. नदी काही बेटाची नाही, म्हणजे ती उरलेल्यात येते. रीतसर हुकूम लिहा, महाराजांच्या पायाचा ठसा आणा, मग खुशाल बुजवा."

"पंत, मला बेटाने निवडलंय."

"त्याबद्दल अभिनंदन. मतं बेटाची, ठसा महाराजांचा."

हुकूम मातीच्या पाटीवर लिहायची रीत होती. पाटी ओलीच लागे, कारण वाळलेल्या मातीवर महाराजांचा पाय उमटत नसे. ती पलीकडे न्यायचा मान पिढीजात कासवांचा, आणि कासव पोहायचं पाठ पाण्याखाली ठेवून. भिवराबाईने काट्याने कोरलं, 'भगदाड बुजवावे.' पाटी परत आली तेव्हा ठसा झकास होता, अक्षर मात्र एकही नव्हतं. महाराजांचा पाय खोल रुतलेला म्हणून तेवढा टिकला, बाकी सगळं नदीने पुसून नेलं होतं.

"आता बुजवू?" तिने विचारलं.

"काय बुजवता? पाटीवर कुठं लिहिलंय?" पंतांनी पाटी तपासणीसाठी आपल्या गुहेत नेली.

दुसरी पाटी गेली, कोरी आली. तिसरीचंही तेच. दोन्ही तपासणीला गेल्या. मग पंतांनी सभा घेतली. "बंधुभगिनींनो, बेटाच्या इतिहासात इतके हुकूम इतक्या झपाट्याने कधी मंजूर झाले नव्हते." घुशींनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात ठकूच्या बिळात पाणी शिरलं. पिल्लं एकमेकांवर चढून बसली. ते पाहून भिवराबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

"मी मुखिया आहे की नाही, ते मागाहून बघू," ती म्हणाली. "ठकू, माती आण."

मग सगळं बेटच धावलं. कुणी दगड आणले, कुणी पाला. बेडूक भगदाडात बसून राहिला, तेवढीच मदत. संध्याकाळपर्यंत बांध उभा राहिला आणि ठकूची पाचही पिल्लं भिजकी पण धडधाकट बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी बहिरोपंत तिन्ही पाट्या घेऊन आले. इतके दिवस पाणी शिंपडून त्यांनी त्या ओल्या ठेवल्या होत्या. ठसा महाराजांचा होता, अक्षर पंतांचं. पहिलीवर होतं, 'विनापरवाना भगदाड बुजवल्याबद्दल भिवराबाई बडतर्फ.' दुसरीवर, 'कारभार बहिरोपंतांकडे.' तिसरीवर, 'बांध वाचवल्याबद्दल बहिरोपंतांचा जाहीर सत्कार.'

सत्कार झाला. हारासाठी फुलं कमी पडली, म्हणून ठकूच्या दारातली तोडली.

पण करारात दरवर्षी निवडणूक होती, ती घ्यावीच लागली. भिवराबाई पुन्हा उभी राहिली आणि बेटाने पुन्हा झाडून सगळी मतं तिला दिली. मोजणी संपल्यावर बहिरोपंत उंच दगडावर चढले आणि समाधानाने म्हणाले, "निवडणूक निर्भय वातावरणात पार पडली, मतदान विक्रमी झालं. निकालाला मंजुरी मिळाली की कोण निवडून आलं ते कळवण्यात येईल."