करड्याची दाढ

फार मागे एका माळावर मायाक्का धनगरणीचा करड्या नावाचा कुत्रा मेंढ्या राखायचा. म्हातारपणी त्याने भाकरी खाणं सोडलं. "वय झालं बिचाऱ्याचं," म्हणत मायाक्का नुसती हळहळायची.

घरातल्या भुरी मांजरीने मात्र त्याला विचारलं, "भूक नाही, की चाववत नाही?"

"दाढ ठणकते गं. पण म्हाताऱ्याने कुरकुर कशाला करायची?"

भुरीने त्याची भाकरी ओढत नेऊन मायाक्काच्या ताकात टाकली.

"मेले, ताक नासवलंस!" मायाक्का ओरडली आणि तिने ते भांडं करड्यापुढे सरकवलं. करड्याने भिजलेली भाकरी अधाशासारखी संपवली. मायाक्का चपापली. तिने त्याचं तोंड उघडून पाहिलं, तर हिरडी सुजून लाल झाली होती.

वैदूने किडकी दाढ काढली. करड्या पुन्हा मेंढ्यांमागे निघाला. तो हळूहळू चालायचा, आणि त्याच्यासाठी मायाक्का सगळा कळप थांबवायची.