हनोखचं रोजचं एक पान

एका गावात हनोख नावाचा एक भोळा गवंडी होता. अंगात बळ दोन बैलांचं, आणि डोक्यात भरपूर मोकळी जागा. शिलास मास्तरांच्या मुलीवर, तबिथावर, त्याचा जीव होता. तिचाही त्याच्यावर होता. आता जीव जडायला काय कारण लागतं! पण मास्तर पडले चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पंचच. त्यांनी बजावलं, "शास्त्र ठाऊक नाही त्याला मी मुलगी देत नाही. रविवारी संध्याकाळी ये. परीक्षा घेईन."

हनोख रडवेला होऊन घरी आला. आई म्हणाली, "रडतूस कशापायी? शास्त्रातलं रोज एक पान वाच, आन् लिव्हलंय तसं वाग."

गुरुवारी त्याने पान उघडलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, असं त्यात होतं. हनोख बादली घेऊन चावडीपाशी बसला. तलाठी आले, नवे बूट घालून. हनोखने त्यांचे पाय धरले आणि बुटांसकट धुतले.

आईने कपाळावर हात मारला. "आरं, रस्त्यात धुत्यात व्हय? घरात धुवायचं! आन् आदी पायातलं काढायचं. फुडं वाचलंस का न्हाई?"

"पान संपलं, आई."

शुक्रवारी दुसरं पान. लोक यरीहो शहराच्या तटाभोवती सात वेळा फिरले, मोठ्याने ओरडले आणि तट कोसळला. हनोख खूश! सरपंचबाईंच्या गोठ्याची जुनी भिंत पाडायचं काम त्याच्याकडेच होतं. पहार त्याने घरी ठेवली. आईचं ऐकून पायातलं काढलं आणि अनवाणी, बाभळीच्या काट्यांतून, सात फेऱ्या घातल्या. मग असा ओरडला की म्हशीने दावं तोडलं. भिंत जागची हलली नाही. म्हैस दिवेलागणीपर्यंत सापडली नाही.

"भिंत अशी पाडत्यात?" आई म्हणाली. "गपगुमान वर चढायचं, येकेक काढायचं, खाली नीट रचायचं. वरडायचं न्हाई! आन् त्या लोकांस्नी देवानं सांगितलं हुतं. तुला कुनी सांगितलं? म्हागचं वाचलंस?"

"ते दुसरं पान होतं. आज एकच वाचायचं होतं."

शनिवारच्या पानावर नुसती नावंच होती, अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. त्या दिवशी गावाला विश्रांती मिळाली.

रविवारचं पान असं: घरात गर्दी, दारातून शिरता येईना, म्हणून चौघांनी छप्पर उघडलं आणि एका लुळ्या माणसाला बाजेसकट आत सोडलं. पान संपलं.

संध्याकाळी मास्तरांच्या घरी प्रार्थना होती. त्यांची म्हातारी आई गुडघ्यांनी तीन महिने बाजेला खिळलेली, तिच्यासाठी. दारात ही गर्दी! दुसरा कोणी म्हणाला असता, "जरा सरका." हनोखने वहाणा काढल्या आणि तो गपगुमान वर चढला. एकेक कौल काढलं, खाली नीट रचलं. अजिबात ओरडला नाही. मग दोर बांधून सरसर उतरला तो थेट मास्तरांच्या पुढ्यात.

"हे काय?" मास्तर थरथरत म्हणाले.

"शास्त्र, मास्तर." आणि त्याने पान घडाघडा सांगितलं.

मास्तरांनी राग गिळला. माणूस मोठा सज्जन, नाहीतर मी असतो तर कौल घातलं असतं डोक्यात. "सांगितलंस ते बरोबर. पुढं काय झालं?"

"पान संपलं."

"अरे, पान संपतं, गोष्ट संपत नाही! अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतोस आणि लोकांची घरं उघडी पाडतोस. शास्त्र मागचं-पुढचं पाहून, समजून वाचायचं असतं. पुढचं वाच. समजलं तर आत्ताच लग्नाचं बोलतो."

तबिथाने पुढचं पान उघडून दिलं. हनोखने ओळीवर बोट ठेवून वाचलं. प्रभूने त्या माणसाला बरं केलं आणि सांगितलं, ऊठ, बाज उचल आणि घरी जा.

"समजलं?" मास्तरांनी विचारलं.

"सगळं समजलं, मास्तर!" हनोखचा चेहरा उजळला. तबिथाने सुटकेचा श्वास सोडला.

हनोख वाकला, म्हातारीसकट बाज डोक्यावर घेतली आणि निघाला. या खेपेला गर्दी आपणहून बाजूला झाली.

"हळू चाल रं," वरून म्हातारी म्हणाली. "तीन म्हयन्यांनी गाव बघतीया."

मास्तर धोतर सावरत मागे धावले. "अरे गाढवा! मुलगी मागायला आलास आणि माझ्या आईला कुठं घेऊन चाललास?"

हनोख न थांबता म्हणाला, "त्या पानावर मुलीचं काही नव्हतं, मास्तर!"